'शिक्षा' आणि 'डिसिप्लिन' : शालेय शिस्तविषयक इंग्रजी शब्दांचा इतिहास

१

परभाषेतील शब्द विषयवार याद्यांच्या रूपाने शिकविण्याची पद्धत जुनी आहे. शेतीचे शब्द, स्वयंपाकघरातील शब्द, प्रवासाचे शब्द, आणि त्यांच्याच ओळीत शाळेतील गैरवर्तन व शिस्त यांविषयीचे शब्द. ही शेवटची यादी पाठ करताना मराठी विद्यार्थ्याच्या वहीत काही ठरावीक जोड्या उतरतात. 'डिसिप्लिन' म्हणजे शिस्त, 'पनिशमेंट' म्हणजे शिक्षा, 'नॉटी' म्हणजे खोडकर, 'बुली' म्हणजे दांडगा, 'ट्रुअंट' म्हणजे शाळा बुडविणारा, 'डिटेन्शन' म्हणजे अडकवून ठेवणे, 'एक्स्पेल' म्हणजे काढून टाकणे. परीक्षेपुरते एवढ्यावर भागते. तथापि शेतीच्या यादीत आणि या यादीत एक मूलभूत भेद आहे. नांगर कोणीही म्हटला तरी नांगरच असतो. 'नॉटी' किंवा 'ट्रुअंट' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा मात्र कोणीतरी कोणाविषयी निवाडा देत असतो, आणि त्या निवाड्यापाठोपाठ काहीतरी करण्याचा अधिकार स्वतःकडे घेत असतो.

या शब्दसमूहाचा इतिहास पाहू गेल्यास त्यात तीन थर आढळतात. काही शब्द मुलाच्या शरीराशी निगडित आहेत, काही त्याच्या स्वभावाविषयी बोलतात, तर काही त्याच्या एखाद्या विशिष्ट कृतीची नोंद करतात. हे थर कालक्रमाने एकापुढे एक आले असे म्हणता येत नाही. ते एकमेकांत मिसळलेले आहेत. परंतु शिक्षेला मर्यादा कोठे पडली आणि कोठे पडली नाही, याचा उलगडा या थरांच्या भेदातून बऱ्याच अंशी होतो. त्या दृष्टीने या शब्दांचा मागोवा घेणे, आणि मराठीतील त्यांच्या प्रतिशब्दांचा इतिहास त्यांच्याशेजारी ठेवून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

प्रारंभ 'डिसिप्लिन' या शब्दापासूनच करणे सोयीचे. लॅटिनमधील 'डिस्केरे' म्हणजे शिकणे. त्यावरून 'डिस्किपुलुस' म्हणजे शिकणारा, शिष्य. आणि 'डिस्किप्लिना' म्हणजे शिकणाऱ्याला मिळणारे ज्ञान, अध्यापन. या मूळ अर्थात छडीचा मागमूस नाही. पुढे रोमन सैन्याची शिस्त आणि ख्रिस्ती मठांची आचारसंहिता या दोन क्षेत्रांतून त्या शब्दाला आज्ञापालनाची छटा प्राप्त झाली. तेराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो धार्मिक देहदंडाच्या, म्हणजे पापक्षालनासाठी स्वतःच्या अंगावर फटके मारून घेण्याच्या अर्थाने. त्या कामी वापरल्या जाणाऱ्या चाबकालाही 'डिसिप्लिन' असेच नाव पडले. मूळ अर्थ मात्र लुप्त झाला नाही. आजही इतिहास, भाषाशास्त्र, रसायनशास्त्र या विद्याशाखांना इंग्रजीत 'डिसिप्लिन' म्हणतात. एकाच शब्दात ज्ञानशाखा आणि फटका असे दोन्ही अर्थ शतकानुशतके नांदत राहिले.

मराठी वाचकाला याचे आश्चर्य वाटावयास नको. 'शिक्षा' या शब्दाचा प्रवास जवळजवळ याच वाटेने झालेला आहे. संस्कृतात 'शिक्ष्' हे 'शक्' धातूचे इच्छार्थक रूप; समर्थ होण्याची इच्छा करणे, म्हणजेच शिकणे. वेदांगांतील 'शिक्षा' ही तर उच्चारणाची, वर्णांची विद्या होय. हिंदीत आजही 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आणि दंडासाठी त्या भाषेने फारसी 'सजा' हा शब्द स्वीकारला आहे. मराठीने मात्र 'शिक्षण' आणि 'शिक्षा' यांची वाटणी केली आणि दुसऱ्या शब्दाच्या वाट्याला केवळ दंड ठेवला. हिंदी भाषकाने शिक्षणाच्या प्रसाराविषयी लिहिलेल्या वाक्यातील 'शिक्षा' मराठी कानाला क्षणभर खटकते ती यामुळेच.

'शास्' या धातूची कथाही अशीच आहे. त्याचा अर्थ उपदेश करणे, वळण लावणे, राज्य करणे. 'शास्त्र', 'शिष्य' आणि 'शासन' हे तिन्ही शब्द त्यातूनच निघाले. गुन्हेगाराला कडक शासन व्हावे असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा 'शिष्य' शब्दाच्या सख्ख्या भावंडाचाच तो वापर करीत असतो. 'धडा शिकविणे' या वाक्प्रचाराला इंग्रजीतही समांतर प्रयोग आहे, आणि दोन्ही भाषांत तो वर्गाबाहेरच अधिक ऐकू येतो.

'शिस्त' हा शब्द मात्र या घराण्यातला नाही. तो फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरणे या प्रयोगात तो अर्थ टिकून आहे. नेम साधण्यासाठी नजर, हात आणि लक्ष्य एका रेषेत यावे लागतात; त्यावरून सरळ ओळ, नीटनेटकेपणा, नियमबद्धता असा अर्थविस्तार झाला असावा. तात्पर्य, 'डिसिप्लिन म्हणजे शिस्त' ही पहिलीच जोडी इतिहासाच्या दृष्टीने विजोड ठरते. इंग्रजी शब्दाच्या पोटात शिष्य आहे. मराठी शब्दाच्या पोटात रांग आहे. ज्याचा इतिहास 'डिसिप्लिन'शी जुळतो तो मराठी शब्द 'शिस्त' नव्हे, 'शिक्षा' होय.

३

शिकणे आणि मार खाणे यांचे हे सान्निध्य केवळ शब्दांपुरते नव्हते. होरेसने आपल्या ऑर्बिलियस या गुरूचे स्मरण केले ते मारकुटा या विशेषणाने. रोमन शिक्षकाच्या हातातील छडीला 'फेरुला' म्हणत. बडीशेपेच्या कुळातील एका उंच वनस्पतीचे ते नाव. तिच्या दांड्यावरून छडीला आणि छडीवरून हातावर मारावयाच्या पट्टीला ते लागले, आणि 'फेरूल' या रूपाने इंग्रजीत उतरले. शिक्षेच्या साधनांची इंग्रजी नावे अशी बहुतेक वनस्पतींवरून पडलेली आहेत. 'बर्च' हे युरोपातील झाडाचे नाव. त्याच्या फांद्यांच्या जुडीने मारणे म्हणजेही 'बर्च'. 'केन' म्हणजे मूळ ग्रीक-लॅटिनमधील बोरू, वेळू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांतून बर्चच्या जोडीने जो वेत रूढ झाला तो आग्नेय आशियातून समुद्रमार्गे येत असे, आणि त्याचे 'राटान' हे नाव मलायी 'रोतान' या शब्दापासून आले आहे. स्कॉटलंडमध्ये वेताऐवजी कातडी पट्टा वापरीत. त्याला 'टॉज' असे खास नाव होते, आणि फाइफ परगण्यातील लॉखगेली हे गाव त्याच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध होते. मराठीत छडी, वेत, पट्टी हे शब्द आणि अंगठे धरणे, उठाबशा काढणे, बाकावर उभे राहणे हे प्रकार अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहेत. छडी आणि विद्या यांचे यमक जुळविणारी म्हणही सर्वांना ठाऊक आहे.

इंग्लंडमधील विंचेस्टर येथील जुन्या विद्यालयाच्या भिंतीवर एक लॅटिन वाक्य रंगविलेले आहे. विद्यार्थ्याने शिकावे, नाहीतर निघून जावे, आणि तिसरा मार्ग उरतो तो फटके खाण्याचा, असा त्याचा आशय. त्यातील 'शिक' आणि 'नीघ' या अर्थांची लॅटिन क्रियापदे कानाला एकाच घराण्यातील वाटतात, परंतु त्यांचे धातू भिन्न आहेत. त्या ध्वनिसाम्याचा कोटीसारखा उपयोग केलेला आहे. शिकणे, निष्कासन आणि मार हे तीन शब्द म्हणजे त्या काळातील शिस्तीचा संपूर्ण कोश होता, असे म्हटल्यास ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

या व्यवस्थेविरुद्धचा एक महत्त्वाचा इंग्रजी ग्रंथ एका शालेय घटनेतूनच निर्माण झाला. १५६३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये प्लेगची साथ असल्यामुळे राणी एलिझाबेथचा दरबार विंडसर येथे होता. तेथे सर विल्यम सेसिल यांच्या भोजनप्रसंगी अशी वार्ता निघाली, की ईटनच्या शाळेतील काही विद्यार्थी माराच्या भीतीने पळून गेले आहेत. त्यावर झालेल्या चर्चेत राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम उपस्थित होते. त्या चर्चेतून स्फुरलेला 'द स्कूलमास्टर' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १५७० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी सौम्यतेने शिकवावे एवढेच सांगून ॲस्कम थांबले नाहीत. मोठमोठे मारकुटे शिक्षक, अगदी त्यांतले शहाणेसुद्धा, जितक्या वेळा चूक सुधारतात तितक्याच वेळा निसर्गाला शिक्षा करतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याची बुद्धी मुळात संथ त्याला संथपणाबद्दल मारावयाचे, ही ती विसंगती. दोष आणि स्वभाव यांत भेद करण्याचा हा आग्रह पुढील तीन शतकांत शाळांनी फारसा मनावर घेतला नाही. ईटन येथेच १८०९ ते १८३४ या काळात मुख्याध्यापक असलेल्या जॉन कीट यांचे नाव प्रामुख्याने फटक्यांसाठी लक्षात राहिले.

४

ॲस्कम यांनी दाखविलेली विसंगती टिकून राहिली, याला भाषेचाही हातभार होता. मुलाविषयीचे रूढ शब्द त्याच्या कृतीला नाव देण्याऐवजी त्याच्या प्रकृतीलाच नाव देत होते.

'नॉटी' हा शब्द 'नॉट', म्हणजे शून्य, काही नाही, यापासून झाला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा अर्थ होता निष्कांचन, ज्याच्याजवळ काही नाही असा. सोळाव्या शतकात तो दुष्ट, दुराचारी या अर्थाने वापरला जाऊ लागला, आणि सतराव्या शतकात मुलांच्या संदर्भात सौम्य होऊन खोडकर या अर्थावर आला. 'ट्रुअंट'चे मूळ केल्टिक. जुन्या फ्रेंचमध्ये आणि आरंभीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ भिकारी, भटक्या. धडधाकट असून भीक मागणाऱ्याला लावलेले हे दूषण पंधराव्या शतकात शाळा चुकविणाऱ्या मुलाच्या माथी आले. 'डन्स' या शब्दाचा इतिहास तर एका विद्वानाशी जोडलेला आहे. १३०८ मध्ये निधन पावलेले जॉन डन्स स्कोटस हे मध्ययुगातील अत्यंत सूक्ष्मबुद्धीचे तत्त्वज्ञ. सोळाव्या शतकातील नव्या विद्येच्या पुरस्कर्त्यांनी त्यांच्या अनुयायांची 'डन्स' म्हणून टवाळी केली, आणि अखेर तो शब्द वर्गातील मठ्ठ मुलाला चिकटला. दरिद्री, भिकारी आणि पराभूत पक्षाचा पंडित या तिघांची हेटाळणी अशा रीतीने शाळेच्या बाकावर येऊन बसली.

मराठीत 'व्रात्य' या शब्दाचे उदाहरण तंतोतंत याच प्रकारचे आहे. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याची स्तुती आहे. मनुस्मृतीत मात्र ज्यांचे उपनयन विहित काळात झाले नाही अशांना व्रात्य म्हटले आहे. संस्कारांच्या कक्षेबाहेर राहिलेला तो व्रात्य. आणि त्यावरून मराठीत वात्रट, खोड्या करणारा मुलगा तो व्रात्य. जे समाजाच्या चौकटीबाहेरचे त्यांची नावे चौकटीतल्या अवखळ मुलांना द्यावयाची, ही प्रवृत्ती दोन दूरच्या भाषांत सारखीच दिसते.

स्वभावाच्या नावाने शिक्षा करण्याचा शेवट काय होऊ शकतो, हे १८६० मध्ये इंग्लंडच्या ईस्टबोर्न येथे दिसून आले. टॉमस हॉप्ली या शिक्षकाकडे रेजिनल्ड कॅन्सेलर हा पंधरा वर्षांचा मुलगा शिकत होता. त्याला धडा येत नसे. हॉप्ली यांनी त्याचे निदान 'ऑब्स्टिनेट', म्हणजे हट्टी, या एका शब्दात केले, हा हट्ट मोडण्यासाठी कठोर मार देण्याची अनुमती त्याच्या वडिलांकडे पत्राने मागितली, आणि ती मिळाली. एप्रिलमधील एका रात्री दोन तासांहून अधिक काळ चाललेल्या मारात मुलाचा अंत झाला. शवपरीक्षेत त्याच्या मेंदूत पाणी साचल्याचे आढळले. ज्याला हट्ट म्हटले गेले ते आजारपण होते. सरन्यायाधीश कॉकबर्न यांच्यापुढे खटला चालला, सदोष मनुष्यवधाबद्दल हॉप्ली दोषी ठरले, आणि त्यांना चार वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली.

या खटल्याची भाषा लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. न्यायालयाने माराचा अधिकार नाकारला नाही. पालक किंवा त्याच्या वतीने शिक्षक मुलाला मारू शकतो, मात्र तो मार मर्यादित आणि वाजवी असला पाहिजे, असे तत्त्व सांगितले. त्यासाठी 'करेक्शन', म्हणजे दुरुस्ती, हा शब्द योजला. जो मार रागापोटी किंवा मर्यादेबाहेरचा, तो 'करेक्शन' नव्हे. एका अर्थी ॲस्कम यांच्या भेदाचाच हा विधिज्ञांनी केलेला अनुवाद होय. परंतु 'वाजवी' म्हणजे किती, याचे माप शिक्षकाच्याच हाती राहिले. आणि पुढील सव्वाशे वर्षे इंग्लंडच्या शाळांतील छडी या एका विशेषणाच्या आधाराने उभी राहिली.

५

तिसऱ्या थरातील शब्द, म्हणजे कृतीची नोंद करणारे शब्द, येण्याला एक व्यावहारिक कारण घडले. एका शिक्षकापुढे शेकडो मुले बसू लागली. मद्रासजवळील एग्मोर येथील मुलांच्या अनाथाश्रमाची व्यवस्था १७८९ पासून डॉ. अँड्रू बेल यांच्याकडे होती. तेथील देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवून शिकतात हे पाहून त्यांनी ती रीत उचलली, आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकविण्याची एक पद्धत बसविली. तिचा वृत्तांत त्यांनी १७९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यांनी साधारण त्याच वेळी लंडनच्या बरो रोडवरील शाळेत तिच्याशी मिळतीजुळती पद्धत चालविली. या मदतनीस मुलाला 'मॉनिटर' म्हणत. लॅटिन 'मोनेरे' म्हणजे सावध करणे, समज देणे. मॉनिटर म्हणजे समज देणारा.

लँकेस्टर फटक्यांच्या विरुद्ध होते. त्यांच्या शाळेत मॉनिटराजवळ लिहिलेल्या चिठ्ठ्या असत. अमुक मुलगा बोलताना दिसला, अमुक मुलगा रिकामा बसलेला दिसला, अशा आशयाची चिठ्ठी मुलाच्या हाती दिली जाई, आणि ती घेऊन त्याला शिक्षकापुढे जावे लागे. भाषेच्या दृष्टीने हे मोठे स्थित्यंतर होय. 'मठ्ठ' किंवा 'दुष्ट' या विशेषणांच्या जागी येथे क्रियापद आले. विशेषणातून सुटका नसते. क्रियापदाला काळ असतो, म्हणून ते संपू शकते. तथापि लँकेस्टर यांच्या व्यवस्थेला भाबडेपणाने उदार समजणे योग्य नव्हे. वारंवार चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकविणे, पायांत खोडा घालणे, टोपलीत बसवून छताला टांगणे, असे लाजविण्याचे प्रकार त्यांच्याच ग्रंथात वर्णिलेले आहेत. फटका गेला, आणि त्याची जागा अपमानाने घेतली.

मद्रासच्या वाळूतून निघालेली ही कल्पना इंग्लंडला वळसा घालून पुन्हा या देशात आली. १८२२ मध्ये स्थापन झालेली आणि १८२७ पासून बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली गेलेली संस्था मुंबई इलाख्यात देशी भाषांच्या शाळा चालवीत असे. तिने लँकेस्टरची पद्धत स्वीकारली. पंतोजींच्या शाळेतही मोठा मुलगा लहानाला शिकवीत असे; त्या जुन्या रीतीवर आता परकीय नाव आले. 'मॉनिटर' हा शब्द मराठी शाळांत इतका रुजला की त्याला प्रतिशब्दाची गरज कोणाला भासली नाही. फळ्यावर बोलणाऱ्या मुलांची नावे लिहिणारा मराठी शाळेतील मॉनिटर हा लँकेस्टरच्या चिठ्ठ्यांचाच वारसदार म्हणावयास हवा.

नोंदीचे दुसरे स्थान म्हणजे हजेरीपट. १८७० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये स्कूल बोर्डे निर्माण झाली आणि १८८० च्या कायद्याने पाच ते दहा वर्षांच्या मुलांची उपस्थिती सर्वत्र सक्तीची झाली. त्याबरोबर 'ट्रुअंट' हा शब्द शिक्षकाच्या तोंडून निघून न्यायाधीशाच्या तोंडी गेला. शाळा चुकविणे हा मुलाचा दोष राहिला नाही. तो पालकाचा अपराध झाला. दंड पालकाला होऊ लागला, आणि गैरहजर मुलांच्या शोधात घरोघर फिरणारा अधिकारी वस्त्यावस्त्यांतून ओळखीचा झाला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. संस्कृतात 'दण्ड' म्हणजे काठी. पंतोजींच्या हातातील काठी मुलाच्या पाठीवर पडत असे. राजाज्ञेतील दंड पालकाच्या खिशावर पडला. शब्द तोच राहिला. त्याखाली वाकणारा मात्र बदलला. दांडी मारणे, खाडा पडणे या मराठी प्रयोगांत 'ट्रुअंट'मधील भिकाऱ्याची हेटाळणी मुळीच नाही. ते प्रथमपासून कृतीचे शब्द आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

६

शाळेतून दूर करण्याच्या शब्दांत इंग्रजीने विशेष बारकावे निर्माण केले आहेत. त्यांपैकी बहुतेक लॅटिन आहेत, आणि लॅटिनमुळे त्यांना कार्यालयीन थंडपणा आला आहे. 'एक्स्पेल' म्हणजे बाहेर ढकलणे. 'सस्पेंड' म्हणजे टांगून ठेवणे. अर्थात निर्णय किंवा हक्क काही काळ अधांतरी ठेवणे. 'रस्टिकेट' म्हणजे खेड्यात राहावयास पाठविणे. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे विद्यार्थ्याला काही काळापुरते विद्यापीठातून दूर करीत, त्यास हे नाव होते. नागर विद्यार्थ्याला गावाकडे धाडणे ही शिक्षा, अशी त्यामागील कल्पना. भारतीय विद्यापीठांत या शब्दाला परीक्षेतील गैरप्रकारांच्या संदर्भात नवे जीवन मिळाले. 'रस्टिकेट झाला' असे मराठीत सहज म्हटले जाते, आणि ज्या मुलाचे घरच खेड्यात आहे त्यालाही ते लागू होते.

'डिटेन्शन' या शब्दाच्या बाबतीत मराठी विद्यार्थ्याची फसगत ठरलेली. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणे. १९९७ च्या एज्युकेशन ॲक्टने हा अधिकार पालकांच्या संमतीविना वापरण्याची मुभा शाळांना दिली, मात्र त्या वेळी चोवीस तासांची पूर्वसूचना आवश्यक ठेवली. भारतात 'डिटेन' करणे म्हणजे त्याच इयत्तेत ठेवणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवणे आणि शाळेतून काढणे या दोहोंना मनाई केली; पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. इंग्लंडमधील एक तास आणि भारतातील एक वर्ष हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, ही गोष्ट शब्दांच्या यादीत सापडत नाही.

मराठीने या क्षेत्रात स्वतःचे मृदू शब्द घडविले. 'हातात दाखला देणे' हा प्रयोग ऐकणाऱ्याला कागद दिसतो, हकालपट्टी दिसत नाही. 'शाळेतून नाव काढले' हे वाक्य तर द्व्यर्थी आहे. 'नाव काढणे' म्हणजे कीर्ती मिळविणे. इंग्लंडच्या आजच्या शासकीय परिभाषेतही 'एक्स्पेल' हा रोखठोक शब्द मागे पडून 'पर्मनंट एक्स्क्लूजन', म्हणजे कायमचे वगळणे, ही संज्ञा रूढ आहे. नोंदीच्या भाषेने मुलाला दूषणापासून वाचविले, त्याचबरोबर शिक्षेचा कडवटपणाही झाकला. हा तिच्यातील उणेपणा दृष्टिआड करता येत नाही.

७

आतापर्यंतचे शब्द शिक्षकाने मुलाविषयी उच्चारलेले आहेत. 'बुली' हा शब्द मात्र मुलाने मुलाविषयी उच्चारण्याचा आहे, आणि म्हणून त्याचे महत्त्व वेगळे आहे. सोळाव्या शतकात 'बुली' म्हणजे प्रिय व्यक्ती. बहुधा डच भाषेतील प्रियकर वा बंधू या अर्थाच्या शब्दापासून तो आला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो लाडाने हाक मारताना येतो. शतकभरात तो मर्द गडी, मग बढाईखोर, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस दुबळ्यांना छळणारा असा घसरत गेला. टॉमस ह्यूज यांची रग्बी शाळेवरील 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील फ्लॅशमन या पात्राने शालेय बुलीची प्रतिमा इंग्रजी वाचकांच्या मनात कायमची ठसविली.

'बुली म्हणजे दांडगा' या जोडीत एक गोष्ट हरवते. मराठीत दांडगा, खोडकर, मस्तीखोर हे शब्द त्या मुलाच्या अंगच्या शक्तीविषयी बोलतात. ज्याला त्रास झाला त्याचा त्यांत निर्देश नाही. इंग्रजी 'बुली'ला मात्र बळी लागतोच. त्यावाचून तो शब्द उभा राहत नाही. 'मुले मस्ती करतात' या वाक्यात तक्रारदाराला जागा नसते. 'छळ' हा मराठी शब्द अर्थाने जवळचा आहे, पण तो सासरच्या, सरकारच्या, सावकाराच्या छळासाठी राखून ठेवल्यासारखा झाला, आणि शाळेच्या अंगणात फारसा उतरला नाही.

महाविद्यालयांच्या बाबतीत ही उणीव 'रॅगिंग' या शब्दाने भरून काढली. इंग्रजीत 'रॅग' म्हणजे झापणे, सतावणे. पुढे विद्यापीठांतील दंगामस्ती. इंग्लंडमध्ये त्याला बरीचशी विनोदी छटा राहिली. भारतात त्याने नव्या विद्यार्थ्याच्या छळाचा निश्चित अर्थ धारण केला. महाराष्ट्र राज्याने १९९९ मध्ये रॅगिंगला मनाई करणारा कायदा केला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरातील उच्च शिक्षणसंस्थांसाठी नियम केले. ज्या कृत्याला पूर्वी 'गंमत' म्हणत त्याला वेगळे नाव मिळाले, म्हणून त्याची व्याख्या करता आली. व्याख्या झाली, म्हणून तक्रार करता आली. केवळ नावाने छळ थांबत नाही, परंतु नावावाचून तो सिद्धही करता येत नाही.

८

'वाजवी दुरुस्ती' या शब्दांवर उभी असलेली इंग्लंडमधील छडी अखेर विसाव्या शतकात हलली. स्कॉटलंडमधील जेफ्री कोझन्स या विद्यार्थ्याने १९७६ मध्ये कातडी पट्ट्याचा मार घेण्यास नकार दिला, आणि त्याला शाळेतून 'सस्पेंड' करण्यात आले. त्याची आई आणि कॅम्बेल नावाची दुसरी एक माता यांच्या अर्जांवर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८२ मध्ये निर्णय दिला, की पालकांच्या तात्त्विक श्रद्धांचा येथे भंग झाला आहे. १९८६ मध्ये ब्रिटिश लोकसभेत सरकारी शाळांतील शारीरिक शिक्षा बंद करण्याचा प्रस्ताव २३१ विरुद्ध २३० अशा एका मताने संमत झाला, आणि १९८७ पासून तो अमलात आला. खासगी शाळांना ही बंदी इंग्लंड व वेल्समध्ये १९९९ पासून लागू झाली, स्कॉटलंडमध्ये २००० मध्ये आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३ मध्ये. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला मनाई केली, आणि तिच्या बरोबरीने मानसिक त्रासालाही. हे दुसरे पद लँकेस्टरच्या टोपलीपर्यंत पोहोचते, तसेच 'डन्स'पर्यंतही. कोणत्याही मुलाला मठ्ठ म्हणणे हे आता केवळ वर्णन उरलेले नाही, ते वर्तन झाले आहे. पूर्वी शिक्षकाचा शब्द मुलाला अपराधी ठरवीत असे. आज तोच शब्द शिक्षकाला उत्तरदायी ठरवू शकतो.

कायद्याचे कलम वाचून वर्गातील सवयी बदलतात असे नाही. अंगठे धरण्याची शिक्षा कलमांनंतरही संपूर्ण संपलेली नाही, आणि 'द्वाड', 'व्रात्य', 'मठ्ठ' हे शब्द तर कोणत्याही हजेरीपटात सापडणार नाहीत, इतके ते जिभेवरचे आहेत. म्हणूनच शब्दांच्या अध्यापनाला येथे व्यावहारिक महत्त्व प्राप्त होते. इंग्रजीच्या तासाला गैरवर्तनाची आणि शिस्तीची यादी फळ्यावर लिहिली जाईल, तेव्हा प्रत्येक शब्दापुढे मराठी प्रतिशब्दाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारल्या जाव्यात. हा शब्द कोण उच्चारतो? तो मुलाला लागतो की मुलाच्या कृतीला? आणि तो उच्चारल्यावर उच्चारणाऱ्याला काय करण्याची मोकळीक मिळते? 'नॉटी' आणि 'लेट' हे दोन शब्द मग एकाच यादीत असूनही एका जातीचे राहणार नाहीत. पहिला मुलाबरोबर घरी जातो. दुसरा त्या दिवसाच्या हजेरीत संपतो.

'डिस्केरे' आणि 'शिक्ष्' या दोन धातूंचा मूळ अर्थ शिकणे हा होता. त्यांच्यावर शिक्षेचा अर्थ चढला तो शतकांच्या सवयीने. इंग्रजीने दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवले आहेत; मराठीने त्यांना वेगळे करून 'शिक्षण' आणि 'शिक्षा' असे दोन शब्द केले. भाषेने पाडलेला हा भेद शाळेत पाळला जातो किंवा नाही, हे पाहणे शिक्षकाचे काम आहे.